हार्वर्ड जिंकलं, २९-२९

केव्हिन रॅफर्टी यांच्या २००८ सालच्या माहितीपटाचं नाव ‘हार्वर्ड बीट्स येल २९-२९’ असं आहे. म्हणजे शेवट नावातच सांगून टाकलेला. सामना बरोबरीत सुटला आणि तरीही एका बाजूनं तो विजय मानला, एवढं सगळं प्रेक्षकाला तिकीट काढायच्या आधीच ठाऊक. उत्कंठेचा मार्ग स्वतःच्या हातानं बंद करून दिग्दर्शक पुढचे पावणेदोन तास आपल्याला जागेवर खिळवून ठेवतो. माझ्या मते, चाहत्यांच्या आठवणी या विषयावरची ही सर्वांत चांगली कलाकृती आहे. तिच्यात चाहते जवळजवळ बोलतच नाहीत, बोलतात ते खेळाडू. तरीही हे मी पूर्ण विचारानं म्हणतो आहे.

सामना होता २३ नोव्हेंबर १९६८चा, अमेरिकी फुटबॉलचा. बॉस्टनला चार्ल्स नदीच्या काठी, १९०३मध्ये बांधलेल्या काँक्रीटच्या हार्वर्ड स्टेडियममध्ये तो झाला. माणसं चाळीस हजारांच्या घरात. हार्वर्ड आणि येल यांचे संघ १८७५पासून एकमेकांशी खेळत आलेले. त्यांच्या वार्षिक लढतीला तिकडे नुसतं ‘द गेम’ म्हणतात, पुढे-मागे विशेषण लागत नाही. त्या वर्षी दोन्ही संघ आठपैकी आठ सामने जिंकून एकमेकांसमोर उभे ठाकले. दोघंही असे अपराजित राहून भिडण्याची वेळ १९०९नंतर प्रथमच आली होती. सामना संपला तेव्हा दोघांचे २९ गुण होते. आणि विद्यार्थ्यांच्या ‘हार्वर्ड क्रिमझन’ या दैनिकानं मथळा छापला तो हाच, चित्रपटानं पुढे उचललेला.

मराठी वाचकाला एक अडचण वाटेल. कॉलेजच्या संघासाठी पन्नाशी-साठी उलटलेली माणसं गहिवरतात, ते का? आपल्याकडे कॉलेजच्या क्रिकेट किंवा कबड्डीच्या संघाचं नाव पदवी हाती पडली की पुसट होतं. पण ज्यानं पुण्यात भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेत निकालाआधीच्या आरोळ्या ऐकल्यात, ‘अरे आवाज कुणाचा’ म्हणताना स्वतःचा घसा बसवून घेतलाय, त्याला फार समजवायला नको. करंडक कोणत्या वर्षी थोडक्यात हुकला, हे ती माणसं तीस वर्षांनंतरही तारखेसकट सांगतात. अमेरिकेत ही नाळ फुटबॉलशी जुळलेली आहे. तिथं कॉलेज सोडलेला माणूस दर शरद ऋतूत शनिवारी पुन्हा कॉलेजात जातो, मग तो कुठल्याही गावी राहात असो. वडिलांनी पाहिलेले सामने मुलगा स्वतःच्या आठवणीसारखे सांगतो.

खेळाचं थोडं सांगायला हवं, कारण पुढची गंमत नियमांत आहे. चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात पोहोचलं की टचडाउन, त्याचे ६ गुण. त्यानंतर एक जादा संधी मिळते: लाथेनं चेंडू खांबांमधून घालवला तर १ गुण, किंवा जोखीम पत्करून तो पुन्हा त्या पट्ट्यात नेला तर २. चढाई करणारे अकरा वेगळे, बचाव करणारे अकरा वेगळे. चढाईचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. गुण मिळवल्यावर चेंडू लाथाडून समोरच्यांना द्यावा लागतो. पण तो दहा यार्ड गेला की कुणीही झेपावून घेऊ शकतो, म्हणून हरणारे संघ तो मुद्दाम जवळच टाकतात आणि जिवावर उदार होऊन त्यावर उड्या घेतात. त्याला ऑनसाइड किक म्हणतात. ती बहुतेक वेळा फसते. आणि १९६८मध्ये कॉलेज फुटबॉलला जादा वेळ नव्हता. घड्याळ संपलं की असेल तो निकाल.

येलचा संघ त्या काळी दंतकथा झालेला. सलग १६ सामने जिंकलेला. त्याचा क्वार्टरबॅक ब्रायन डाउलिंग क्लीव्हलँडचा. शाळकरी वयापासून तो शेवटपर्यंत मैदानावर राहिला असा एकही सामना त्याचा संघ हरलेला नाही, अशी त्याची ख्याती होती. सोबतीला कॅल्विन हिल, ज्याला काही महिन्यांनी डॅलस काउबॉइजनी व्यावसायिक लीगच्या निवडीत पहिल्याच फेरीत घेतलं. हार्वर्डकडे अशी नावं नव्हती. समोरच्यांना अडवणाऱ्या त्यांच्या ओळीत एक टेक्ससचा गार्ड होता, टॉमी ली जोन्स. पुढे जगानं त्याला हॉलिवुडचा नट म्हणून ओळखलं, आणि वसतिगृहात त्याच्यासोबत राहणारा अल गोर अमेरिकेचा उपाध्यक्ष झाला. हार्वर्डच्या बचाव फळीत पॅट कॉनवे होता, जो मरीन म्हणून व्हिएतनाममध्ये खे सानला लढून परत आला होता. त्याच संघात युद्धाविरुद्ध चळवळीत असलेली मुलंही होती. १९६८ म्हणजे एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झालेलं वर्ष. पुढच्या एप्रिलमध्ये हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी युनिव्हर्सिटी हॉलचा ताबा घेतला आणि पोलिसांनी तो लाठ्या चालवून मोकळा केला. चित्रपट हे सारं पार्श्वभूमीला ठेवतो, त्यावर व्याख्यान देत नाही. एका माणसाच्या बोलण्यात युद्ध येतं, दुसऱ्याच्या बोलण्यात ते येत नाही, आणि हा फरकच पुरेसा बोलका ठरतो.

आता रॅफर्टींनी केलं काय? त्यांनी चाळीस वर्षांनी त्या सामन्यातल्या माणसांच्या घरी कॅमेरा नेला. चेहरे समोरून, जवळून. मागे घरातलं कपाट, खिडकी, बाग. निवेदक नाही. क्रीडातज्ज्ञ नाहीत. १९६८च्या शरद ऋतूचं महत्त्व समजावून सांगणारे प्राध्यापक नाहीत. या मुलाखतींच्या अधेमधे त्या दिवशीच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणाचं रंगीत चित्रण येतं, जुन्या समालोचकाच्या आवाजासकट. बस्स, एवढंच साहित्य. खरं म्हणजे हा निव्वळ संकलनाचा चित्रपट आहे. साठीच्या माणसाचं वाक्य जिथं थांबतं तिथून एकवीस वर्षांचा तोच माणूस धावायला लागतो. वाक्य आणि धाव यांच्यामध्ये चाळीस वर्षं गेलेली असतात. ती दाखवायला दिग्दर्शकाला कॅलेंडरची पानं उडवावी लागत नाहीत, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या तेवढं काम करतात.

यात जी शिस्त आहे ती मला फार महत्त्वाची वाटते. सामना उलगडतो तो त्याच्याच क्रमानं. पहिल्या सत्रात येलची घोडदौड आहे, आणि रॅफर्टी ती घाईनं आटोपत नाहीत. डाउलिंग धावून टचडाउन करतो, हिलला पास देऊन दुसरा, मग डेल मार्टिंगला देऊन तिसरा. वर दोन गुणांची जोखीमही यशस्वी. २२-०. येलच्या या वैभवाला पुरेसा वेळ दिला नसता तर पुढचं दुःख पोकळ वाटलं असतं. डाउलिंगचं खेळणं पाहताना वाटतं की हा माणूस घाबरायला कधी शिकलाच नाही. बचाव करणारे अंगावर येत असताना तो मागे सरकतो, बाजूला होतो, थांबतो, आणि शेवटच्या क्षणी चेंडू हातातून सुटतो. आणि चाळीस वर्षांनंतरचा डाउलिंग? शांत, सभ्य, जपून शब्द वापरणारा. त्याच्या चेहऱ्यावर मला तक्रार दिसत नाही. तरीही तो बोलायला लागला की मनात आपोआप वाटतं, या माणसाचं काहीतरी त्या मैदानावर राहिलंय.

डाउलिंगबद्दल चाहत्यांच्या बाजूनं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. येलमध्ये तेव्हा गॅरी ट्रूडो नावाचा विद्यार्थी होता. त्यानं १९६८च्या त्याच मोसमात ‘येल डेली न्यूज’मध्ये ‘बुल टेल्स’ ही चित्रमालिका सुरू केली. तिच्यात डोक्यावरचं हेल्मेट कधीही न काढणारा एक क्वार्टरबॅक होता, बी.डी. ब्रायन डाउलिंगचीच आद्याक्षरं. १९७०पासून हीच मालिका ‘डून्सबरी’ नावानं देशभरच्या वृत्तपत्रांत जाऊ लागली. बी.डी. त्यात मोठा झाला, व्हिएतनामला गेला, आणि २००४मध्ये इराकमध्ये त्याचा पाय गेला. त्या दिवशीच्या चित्रात तो पहिल्यांदा हेल्मेटशिवाय दिसला. कॉलेजच्या एका शनिवारी प्रेमानं रेखाटलेल्या खेळाडूला एक चाहता छत्तीस वर्षं सोबत घेऊन चालला, त्याला म्हातारं होऊ दिलं, जखमी होऊ दिलं. चाहत्याची आठवण कुठवर जाऊ शकते याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. वर्तमानपत्रात रोज चार चौकटी, पण त्यामागची निष्ठा आयुष्यभराची.

हार्वर्डच्या प्रशिक्षकांनी, जॉन योविसिन यांनी, दुसऱ्या पावात, म्हणजे सामन्याच्या चार भागांपैकी दुसऱ्या भागात, नेहमीच्या क्वार्टरबॅकला बाहेर काढून फ्रँक शांपीला आत पाठवलं. बॉस्टनच्याच उपनगरातला, एव्हरेटचा मुलगा. राखीव खेळाडू. मोसमभर त्याला फारशी संधी मिळालेली नव्हती. मुलाखतीत शांपी बोलतो तेव्हा तो शब्द शोधत असतो. काही माणसांना स्वतःचा पराक्रम सांगण्याची सवय लागते, चार-दोनशे वेळा सांगून त्यांची गोष्ट गुळगुळीत होते. शांपीची झालेली नाही. चाळीस वर्षांनंतरही तो त्या दुपारकडे, ती आपल्याला नेमकी का मिळाली, अशा नजरेनं बघतो. पुढच्या मोसमाच्या सुरुवातीलाच त्यानं फुटबॉल सोडून दिला. रॅफर्टी यावर त्याला फार खोदत नाहीत, आणि ते बरंच आहे. काही गोष्टी सोडून का दिल्या याचं उत्तर माणसाजवळ असतंच असं नाही.

मध्यंतराला २२-६. तिसऱ्या पावात हार्वर्डचा एक टचडाउन, २२-१३. चौथ्यात डाउलिंगचा पुन्हा एक, २९-१३. येलच्या बाजूच्या बाकांवरून पांढरे रुमाल हलायला लागतात, निरोपाचे. स्टेडियममधून लोक निघायला लागले होते. येलनं त्या दिवशी चेंडू पुन्हा पुन्हा हातातून सोडला होता, पण आघाडी एवढी मोठी की कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. मग अखेरची साडेतीन मिनिटं राहिली असताना येलनं हार्वर्डच्या गोलरेषेजवळ चेंडू पुन्हा एकदा गमावला. तिथून हार्वर्डला ८६ यार्ड जायचं होतं.

या ठिकाणी चित्रपटाचा वेग बदलतो, आणि तो चढवण्याऐवजी रॅफर्टी उतरवतात. प्रत्येक चाल जवळजवळ पूर्ण दिसते. प्रत्येक चालीनंतर कुणीतरी बोलतं, पुष्कळदा दोन्ही बाजूंनी. शांपी मागे खेचला जातो, चेंडू त्याच्या हातातून निसटतो. इथं सगळं संपायला हवं होतं. पण हार्वर्डचा टॅकल फ्रिट्झ रीड, ज्याचं काम फक्त समोरच्याला अडवण्याचं, तो चेंडू उचलतो आणि धावत सुटतो, थेट येलच्या १५ यार्डांच्या रेषेपर्यंत. एरवी चेंडू हाती न घेणाऱ्या माणसाची ती धाव पाहताना आजही अंगावर काटा येतो. पुढच्याच चालीत शांपीचा पास ब्रूस फ्रीमनकडे. टचडाउन. घड्याळात ४२ सेकंद. दोन गुणांचा प्रयत्न आधी फसतो, पण येलच्या बचावपटूवर अडथळ्याचा ठपका येतो. पुन्हा प्रयत्न, गस क्रिम आत घुसतो. २९-२१.

ऑनसाइड किक. चेंडू येलच्या खेळाडूंच्या अंगावर आपटतो आणि सुटतो, बिल केली त्यावर पडतो. हार्वर्डकडे चेंडू, येलच्या ४९ यार्डांवर. शांपी पास टाकायला जागा न मिळून स्वतःच धावतो, १४ यार्ड. वर चेहऱ्यावरची जाळी ओढल्याचा दंड येलला, आणखी १५. मग क्रिम मधूनच फुटून जातो, सहा यार्ड उरलेले. मग शांपी पकडला जातो, आता आठ यार्ड उरलेले. घड्याळात ३ सेकंद. पुढची चाल सुरू होते तेव्हा वेळ संपतच असते. शांपी मागे मागे जातो, कुणीतरी त्याला धरू पाहतं, तो सुटतो, आणि डाव्या कोपऱ्यात कर्णधार व्हिक गॅटो एकटा उभा दिसतो, दुखऱ्या मांडीनिशी. घड्याळ शून्यावर येत असताना चेंडू त्याच्या हातात येतो. २९-२७.

लोक मैदानात घुसले. त्यांना बाहेर काढावं लागलं, कारण सामना संपलेला नव्हता. घड्याळात काही शिल्लक नसताना एक चाल उरली होती. मला हा क्षण सगळ्यात जास्त आवडतो. काळ संपलाय, आणि तरी खेळ बाकी आहे. शांपी पीट व्हार्नीकडे पास देतो. मोठ्या अंगलटीचा माणूस, पुढे शिकागो व्हाइट सॉक्सकडून बेसबॉलमध्ये कॅचर म्हणून खेळला. तो बचावपटूच्या पुढे अंग आडवं घालतो आणि चेंडू पोटाशी धरतो. २९-२९.

या बेचाळीस सेकंदांत ध्वनीची योजना बघण्यासारखी आहे. जुन्या प्रक्षेपणातला गर्दीचा आवाज चढत जातो, पण मुलाखतींमध्ये माणसं हळू, अगदी आवाज न चढवता बोलत असतात. आरडाओरडा तेव्हाचा, शांतता आताची. दोन आवाज एकमेकांवर आदळत नाहीत, शेजारी ठेवलेले असतात. टॉमी ली जोन्स या पद्धतीचा सगळ्यात तीव्र नमुना. त्यांच्या प्रत्येक वाक्याला आधी एक लांब थांबा असतो. आपण वाट पाहतो, आणि मग एखादं साधंच वाक्य येतं. गोर यांनी वसतिगृहातल्या नव्या बटणांच्या टेलिफोनवर सूर काढून गाणं वाजवल्याची हकिकत ते इतक्या गांभीर्यानं सांगतात की ती त्या काळाच्या कोवळेपणाचं चित्र होऊन बसते. या मुलांपैकी कोण पुढे काय होणार, हे त्या मुलांनाच माहीत नव्हतं, आणि प्रेक्षकाला सगळं माहीत. येलच्या बॉब लेव्हिननं त्या दिवसांतल्या आपल्या मैत्रिणीबद्दल सांगितलेलंही असंच. ती व्हॅसार कॉलेजात शिकणारी मेरिल स्ट्रीप होती.

आता मथळ्याकडे पाहू. ‘क्रिमझन’च्या संपादकांनी जे छापलं ते पत्रकारितेच्या दृष्टीनं चूक आहे. चाहत्याच्या दृष्टीनं ते एकदम बरोबर आहे. कारण चाहता आकडे बघून निकाल ठरवत नाही, तो वाटचालीवरून ठरवतो. बेचाळीस सेकंद उरले असताना ज्याच्या खिशात काही नव्हतं, त्याच्या हातात शेवटी अर्धं राज्य आलं, म्हणजे तो जिंकला. आणि ज्याच्याकडे पूर्ण राज्य होतं, त्याच्याकडे अर्धं उरलं, म्हणजे तो हरला. मथळ्यात शब्दांमध्ये चाहत्याचं सत्य आणि आकड्यांमध्ये फलकाचं सत्य असं सरळ मांडलेलं आहे. दोन्हीपैकी कुणीही कुणाला खोडून काढत नाही. विद्यार्थ्यांनी घाईत लिहिलेल्या एका ओळीला इतकं काव्य साधावं, हे भाग्य त्या दिवसाचंच.

पण खरा कस लागतो तो येलच्या बाजूला. त्यांचा मोसम ८ विजय, १ बरोबरी असा अपराजित संपला. ही विद्यापीठं ज्या स्पर्धेत खेळतात त्या आयव्ही लीगचं अजिंक्यपद दोघांनी वाटून घेतलं. कागदावर त्यांचं काहीच गेलेलं नाही. आणि चित्रपटातले येलचे खेळाडू चाळीस वर्षांनी बोलतात तेव्हा पराभूतांसारखे बोलतात. हार झाली असती तर तिचं सुतक पाळता आलं असतं, चार दिवसांनी अंघोळ करून माणूस कामाला लागला असता. इथं हारच नाही, मग तिचं सुतक कसलं? डाउलिंगनं त्या अखेरच्या बेचाळीस सेकंदांत काहीच केलेलं नाही, कारण चढाईच्या अकरांना बचावाच्या वेळी रेषेबाहेर उभं राहावं लागतं. देशातला एक उत्तम खेळाडू हातात चेंडू न येता, रेषेवर उभा राहून, आपल्या कीर्तीचा शेवट बघत होता. रॅफर्टी त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर थोडंही रेंगाळत नाहीत. हा संयम मला थोरामोठ्यांचा वाटतो.

भरतमुनींनी स्मृतीला तेहतीस संचारी भावांत बसवलंय. म्हणजे ती येते, मनात तरंग उठवते आणि जाते. तिच्यावर रस उभा राहत नाही, रस उभा राहतो स्थायी भावांवर. या चित्रपटानं मला इथं थांबून विचार करायला लावलं. चाहत्याच्या बाबतीत स्मृतीच स्थायी होऊन बसते, आणि उत्साह, शोक, विस्मय हे तिच्या अंगाखांद्यावर येऊन जाणारे संचारी होतात. हार्वर्डचा माणूस बोलताना आधी उत्साहानं बोलतो, मग विस्मयानं, मग अचानक गप्प होतो आणि गेलेल्या मित्राचं नाव घेतो. येलचा माणूस आधी शोकानं बोलतो आणि मधेच हसतो, कारण तो आपल्या दुर्दैवाच्या भव्यतेवरही थोडा मोहित आहे. भाव पालटत राहतात, खाली आठवण अढळ. म्हणूनच खेळाडूंचं बोलणं ऐकताना ते खेळाडू आहेत हे आपण विसरतो. चाळीस वर्षांनंतर तेही आपल्याच तारुण्याचे चाहते झालेले असतात. ज्या मैदानावर ते धावले, त्याच्याकडे आता ते बाकावर बसून पाहतात. चाहत्यांच्या आठवणींवरची कलाकृती असं मी याला सुरुवातीला म्हटलं, ते या अर्थानं.

आणि अत्युत्तम आठवण व अतिवाईट आठवण यांची फारकत करता येत नाही, ही या सामन्याची खरी शिकवण आहे. लोक बहुतेक वेळा दोन वेगवेगळ्या दिवसांची नावं सांगतात, हा आनंदाचा, तो दुःखाचा. इथं दोन गावांनी एकाच बेचाळीस सेकंदांना दोन नावं दिली. एकाचा उत्सव हा दुसऱ्याच्या दुःखाचाच मजकूर आहे, ओळ न ओळ तीच.

कॉलेज फुटबॉलच्या इतिहासात अशा दुधारी आठवणी आणखी आहेत, पण त्या वेगळ्या जातीच्या. १९८२मध्ये कॅलिफोर्निया आणि स्टॅनफर्ड यांच्या सामन्यात शेवटच्या चार सेकंदांत कॅलिफोर्नियाच्या खेळाडूंनी चेंडू पाच वेळा एकमेकांकडे टाकत पुढे नेला. स्टॅनफर्डचं वाद्यपथक सामना संपला समजून मैदानात आलं होतं. त्यांच्यामधून धावत केव्हिन मोएन शेवटच्या पट्ट्यात शिरला आणि तिथल्या ट्रॉम्बोनवाल्यावर आदळला. निकाल २५-२०. स्टॅनफर्डनं तो कधी मानला नाही. या सामन्याचं बक्षीस म्हणजे एक कुऱ्हाड. ती ज्या वर्षी स्टॅनफर्डकडे असते त्या वर्षी तिच्या फलकावरचा १९८२चा निकाल बदलून २०-१९ केला जातो, त्यांच्या बाजूनं. म्हणजे तिथं आठवणीचं भांडण धातूवर कोरलं जातं. २०१३मध्ये ऑबर्ननं अलाबामाविरुद्ध शेवटच्या सेकंदात हुकलेल्या किकचा चेंडू झेलून क्रिस डेव्हिसकरवी पूर्ण मैदान पार केलं आणि ३४-२८ असा विजय मिळवला. तिथं शंकेला जागाच नाही, जिंकलेला जिंकला आणि हरलेला हरला. भव्यतेत हे दोन्ही सामने १९६८च्या सामन्याला हार जाणार नाहीत. खोलीत मात्र जातात. पहिल्यात वाद आहे, दुसऱ्यात निकाल आहे. हार्वर्ड-येलमध्ये दोन्ही नाहीत, आणि म्हणून तिथं केवळ भाव उरतो.

चित्रपटाबद्दल माझी एक तक्रार आहे आणि ती मी मनापासून करतो. बाकांवरची माणसं यात नाहीत. येल १९६९पर्यंत फक्त मुलांचं होतं, त्यामुळे खेळाडू पुरुष असणं साहजिक. पण त्या दुपारी तिथं आया होत्या, बहिणी होत्या, मैत्रिणी होत्या, मुलाच्या संघासाठी आयुष्यभर तिकिटं काढणारे जुने विद्यार्थी होते. चौथ्या पावात निघून गेलेला आणि बाहेर रस्त्यावर गर्जना ऐकून थबकलेला माणूस मला ऐकायचा होता. जो थांबला त्याची आठवण चित्रणात आहे. जो निघाला त्याची कुठेच नाही, आणि ती कदाचित सर्वांत जास्त टोचणारी असेल. शिवाय ही दोन्ही विद्यापीठं अमेरिकेतल्या सुस्थितीतल्या घरांची. रॅफर्टी स्वतः हार्वर्डचे. शांपी किंवा कॉनवे यांच्यासारख्यांच्या बोलण्यातून वेगळं जग डोकावतं, पण ते तिथंच थांबतं. या गोष्टी असत्या तर चित्रपट अधिक रुंद झाला असता. अधिक खोल झाला असता का, याबद्दल मात्र मी साशंक आहे. पन्नासएक चेहरे आणि एक जुनं चित्रण, एवढ्याच मर्यादेमुळे त्याला धार आली आहे, हेही खरं.

अमेरिकी फुटबॉलचा एकही सामना न पाहिलेल्या वाचकानंही हा चित्रपट जरूर पाहावा. नियम माहीत नसले तरी अडत नाही, मी वर सांगितलेत तेवढे पुरे. शक्य झालं तर एकट्यानं न पाहता कॉलेजातल्या जुन्या मित्रांसोबत पाहा.

असा सामना आता पुन्हा होणार नाही. १९९६मध्ये कॉलेज फुटबॉलमध्ये जादा वेळ आला आणि बरोबरी नियमांतून गेली. २३ नोव्हेंबर २०१९ला, बरोबर त्याच तारखेला, येलनं आपल्या मैदानावर अखेरच्या दीड मिनिटात हार्वर्डची १४ गुणांची आघाडी पुसून ३६-३६ केलं. जुना नियम असता तर येलच्या विद्यार्थ्यांनाही आपला मथळा मिळाला असता. सामना पुढे चालू राहिला, दोनदा जादा डाव झाले, अंधारून आलं, आणि येल ५०-४३ जिंकलं.